बोलता येत नाही, ऐकू मात्र येतं!

मैत्रिणींनो, काही शब्द आपल्या घरात न विचारताच शिरतात. 'व्हेंटिलेटर' हा त्यातलाच एक. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने हा शब्द अगदी वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचवला. त्याआधी आपण 'मशीनवर ठेवलं' म्हणायचो. आजही कुणाला मशीनवर ठेवल्याचं कळलं, की अर्धं गाव मनातल्या मनात त्या माणसाचा निरोप घेऊन टाकतं.

सावनेर, केळवद, खापा, पाटणसावंगी या आपल्या पट्ट्यातल्या बायकांमध्ये बसलं, की या विषयावर दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. एक, 'नळी घातली म्हणजे संपलं.' आणि दुसरं, 'दवाखानेवाले पैशासाठी मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवतात.' या दोन मतांच्या मध्ये एक बाई बसलेली असते. नागपूरच्या कुठल्यातरी दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, फरशीवर चादर अंथरून. आत तिचा नवरा असतो, मुलगा असतो, कधी आई असते. काचेतून तिला दिसतं ते तोंडातून बाहेर आलेली नळी, बांधलेले हात आणि टिकटिकणारा पडदा. "ताई, बोलतच नाई ना वो ते. डोळे उघडते, आपल्याकडे पायते अन् नुसतं रडते," असं ती सांगते. तिला कुणी फारसं काही समजावून सांगितलेलं नसतं. आजचा लेख त्या बाईसाठी आहे, आणि उद्या तिच्यासोबत डबा घेऊन जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी.

नळी म्हणजे नेमकं काय?

आपल्या घशातून दोन वाटा जातात. एक अन्नाची, एक श्वासाची. पेशंटला स्वतःचा श्वास पुरेनासा झाला, किंवा तो इतका बेशुद्ध झाला की थुंकी-उलटी श्वासाच्या वाटेत जाण्याची भीती निर्माण झाली, की डॉक्टर तोंडातून एक मऊ प्लास्टिकची नळी थेट श्वासनलिकेत सरकवतात. नळीच्या आतल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळी जागेवर बसते, हवा बाजूने निसटत नाही आणि तोंडातली घाण फुप्फुसात उतरायला अडथळा होतो. बाहेरचं टोक मशीनला जोडतात. मशीन काय करतं? हवा आत ढकलतं, बस. ते रोग बरा करत नाही. औषधं आणि शरीर आपलं काम करतात, तोवर ते वेळ मिळवून देतं.

ही नळी स्वरयंत्राच्या दोन पडद्यांच्या मधून जाते. आपला आवाज त्याच पडद्यांतून निघतो. म्हणून पेशंट कितीही शुद्धीवर असला तरी नळी असेपर्यंत बोलू शकत नाही. वाचा गेलेली नसते, फक्त वाट अडलेली असते. एवढी एक गोष्ट त्या बाहेर बसलेल्या बाईला कुणी सांगितली, तरी तिचा निम्मा घोर कमी होतो.

आता 'मेलेल्याला मशीनवर ठेवतात' याबद्दल. व्हेंटिलेटर हृदय चालवत नाही. हृदय थांबलं की नाडी थांबते आणि शरीर थंड पडू लागतं. ते कुठलंच व्हेंटिलेटर लपवू शकत नाही. मेंदू पूर्ण मृत झाला, पण मशीनच्या हवेवर हृदय काही काळ चालू आहे, अशी एक अवस्था मात्र असते. तिला आपण 'ब्रेन डेड' म्हणतो. अवयवदानासाठी १९९४ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करूनच तसं जाहीर करायचं असतं. बिलाबद्दल शंका असेल तर ती जरूर विचारावी, हिशेब मागावा. तो आपला हक्क आहे. पण संशयापोटी चालू उपचार तोडून पेशंटला घरी आणू नये.

आपल्या भागातली दोन कारणं

शहरात ही नळी बहुतेकदा म्हाताऱ्या-आजारी माणसांना लागते. आपल्या शेतीच्या पट्ट्यात ती कमावत्या, धडधाकट माणसांना लागते. कारणं दोन, फवारणी आणि साप.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय घडलं ते आठवत असेल. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्या दिवसांत भरून गेले होते. कपाशी उंच वाढलेली, हवा कोंदट, तोंडाला फडकं, हातात मोजे नाहीत. हे चित्र आपल्याकडे काही वेगळं नाही. कीटकनाशकांमधला ऑर्गॅनोफॉस्फेट हा प्रकार आपल्या नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप बिघडवून टाकतो. तोंडाला फेस, छातीत पाण्यासारखा कफ, बाहुल्या बारीक आणि मग श्वासाचे स्नायू ढिले.

यात एक धोका आहे, तो प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे. पहिल्या दिवशीच्या औषधांनी पेशंट सावरतो, बोलू लागतो. घरचे म्हणतात, "चला, सुटलो." आणि साधारण एक ते चार दिवसांच्या आत अचानक त्याला मान उचलता येईनाशी होते, श्वास अपुरा पडतो आणि नळी घालावी लागते. म्हणून विषबाधेच्या पेशंटला 'आता बरं वाटतंय' म्हणून सुट्टी मागून घरी आणू नका. उशीवरून मान उचलता येते का, हे त्याला अधूनमधून विचारत राहा. नाही आली, तर लगेच सिस्टरला सांगा.

दुसरं कारण मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि श्वास मंदावतो. नागाच्या विषानेही स्नायू असेच लुळे पडतात. अशा पेशंटला सर्पविषावरची लस आणि वेळेवर श्वासाचा आधार मिळाला, तर तो काही दिवसांत चालत घरी येऊ शकतो. पण आधी लक्षात घ्या, त्याचे डोळे मिटलेले असतात, बोट हलत नसतं, आणि तरी त्याला सगळं ऐकू येत असू शकतं! लुळे पडलेले असतात ते स्नायू, मेंदू नव्हे. त्याच्या उशाशी उभं राहून 'आता काही खरं नाही' असं कुणी बोलू नये. 'मांत्रिकाकडे नेऊ' हेही नको. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे.

पंधराशे विद्यार्थ्यांचे हात

मशीनवर माणसं कशी वाचू लागली, त्याची गोष्ट मोठी हृद्य आहे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. लहान मुलांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते आणि दवाखान्यात त्यांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. ब्यॉर्न इबसेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग काय, वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय कॉलेजातले सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून बसले आणि दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे मुलांना हाताने श्वास देत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग त्या घटनेतून जन्माला आला असं मानतात. पुढे १९५६ मध्ये त्याच देशात आपोआप फुगणारी पिशवी तयार झाली. तीच आपली 'अंबू'.

आपल्याकडे अंबू हा शब्द नातेवाइकांनाही ठाऊक झाला आहे, पण वाईट कारणाने. २०२२ साली नागपुरात व्हेंटिलेटर वेळेवर न मिळाल्याने घरच्यांनाच तासन् तास अंबू दाबत बसावं लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. तुमच्या हातात कुणी अशी पिशवी दिलीच, तर घाबरून भराभर दाबू नका. मोठ्या माणसाला साधारण पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती जराशी उचलली जाईल एवढंच हलक्या हाताने दाबायचं आणि पिशवी पूर्ण फुगू द्यायची. नळीला ओढ बसू द्यायची नाही. आणि हे काम नातेवाइकाचं नाही, ते करायला प्रशिक्षित माणूस द्या, असं स्पष्ट पण नम्रपणे सांगत राहायचं.

आत चोवीस तास काय चालतं?

'नळी घातली, आता सगळं मशीनच्या हवाली' असं आपल्याला वाटतं. खरं काम नळी घातल्यानंतर सुरू होतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या सिस्टर करतात. बाहेरून ते दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

नळी बरोबर जागी आहे ना, हे आधी पक्कं करतात. दोन्ही बाजूला हवा जाते का ते ऐकतात, छातीचा एक्स-रे काढतात. नळीवर सेंटिमीटरचे आकडे असतात. ओठाशी किंवा दाताशी कोणता आकडा आहे ते लिहून ठेवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. हा आकडा बदलला, म्हणजे नळी सरकली. म्हणून भेटायला गेल्यावर मायेपोटी पेशंटचं डोकं कुशीत ओढून घेऊ नका.

पेशंटची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवतात. सपाट निजवलं तर पोटातलं अन्न घशाशी येऊन फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. नळीच्या पेशंटचा मोठा शत्रू हाच न्यूमोनिया. तो टाळायला तोंडाची सफाई लागते. दात घासणं, तोंड पुसणं, जमलेली लाळ ओढून घेणं. आपण घरी म्हाताऱ्या माणसाचं तोंड धुवून देतो ना, तेच काम इथे जीव वाचवतं. नळीतल्या फुग्याचा दाबही मोजत राहावा लागतो. कमी झाला तर लाळ खाली उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेला जखम होते.

पेशंटला खोकून कफ टाकता येत नाही. म्हणून गरज पडेल तसा बारीक नळीने कफ ओढतात. तेव्हा पेशंट लाल होतो, ठसकतो, डोळ्यांतून पाणी येतं. बघवत नाही, पण ते काही सेकंदांचं असतं आणि आवश्यक असतं. त्याशिवाय दर दोनेक तासांनी कूस बदलणं, पापण्या उघड्या राहत असतील तर डोळ्यांत मलम घालणं, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देणं, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून औषध देणं आणि हातपाय हलवून घेणं ही कामं अखंड चालू असतात.

नुसत्या शुश्रूषेने काय होऊ शकतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर अत्याचार झाला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणावर होती. तिच्या सहकारी परिचारिकांनी, मग त्यांच्या नंतरच्या पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलली. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, हे सगळ्या देशाने ऐकलं. शेवटी २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियामुळे तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं गेलं आणि १८ मे रोजी ती गेली. कूस बदलण्याची किंमत काय असते, ते या नर्सभगिनींनी दाखवून दिलं आहे.

"हात काहून बांधले वो त्याईचे?"

हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. अर्धवट गुंगीतला पेशंट घशात काय खुपतंय म्हणून नळी उपटून टाकतो आणि मग जीवावर बेततं. त्यासाठी हात बांधतात. पण बांधणं हा शेवटचा उपाय असावा, कारण बांधल्याने पेशंट आणखी घाबरतो. जवळचं माणूस हात धरून बसलं तर तेवढा वेळ पट्टी सोडता येते. तशी परवानगी जरूर मागा.

नळी सहन व्हावी म्हणून गुंगीचं औषध देतात. पूर्वी पेशंटला दिवसेंदिवस गाढ झोपवून ठेवायचे. २००० साली अमेरिकेतल्या शिकागोच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोज एकदा गुंगीचं औषध थांबवून पेशंटला जागं केलं, तेव्हा मशीनवरचे दिवस साधारण ७.३ वरून ४.९ वर आले. तेव्हापासून शक्य त्या पेशंटला कमीत कमी गुंगीत ठेवायची पद्धत रुळली. म्हणून कधी पेशंट सकाळी जागा, तळमळणारा दिसेल, तर 'औषध देत नाहीत' असा ग्रह करून घेऊ नका. तो स्वतः किती श्वास घेतो, हे बहुधा पाहत असतील.

बरेच पेशंट या काळात भ्रमातही जातात. भिंतीवर साप दिसतो, डॉक्टर मारायला आलेत असं वाटतं, घरच्यांना ओळखत नाहीत. याला वेड लागणं म्हणत नाहीत, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. आजार, औषधं आणि झोपमोड यांनी मेंदू गोंधळतो आणि बहुतेकांचा हा गोंधळ हळूहळू ओसरतो. यावर आपल्याकडे उत्तम औषध आहे, ते म्हणजे ओळखीचा आवाज.

आत जायला पाच मिनिटं मिळाली तर हे करा:

- हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच आत जा. फुलं, अंगारा, प्रसाद आत नेऊ नका.
- हळू, नेहमीच्या आवाजात बोला. "आज मंगळवार आहे. सकाळचे अकरा वाजले. तुम्ही नागपूरच्या दवाखान्यात आहात. घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाही. नळी निघाली की बोलता येईल." हे रोज सांगा.
- घरच्या साध्या गोष्टी सांगा. गाय व्याली, संत्र्याला पाणी दिलं, पोरगी शाळेत गेली. कर्जाच्या, भांडणाच्या गोष्टी नको.
- चष्मा किंवा कानाचं यंत्र लावणारा असेल तर ते सिस्टरकडे द्या.
- 'हो' साठी एकदा हात दाब, 'नाही' साठी दोनदा, अशी खूण ठरवा. लिहिता-वाचता येत असेल तर पाटी द्या. नसेल तर कागदावर साधी चित्रं काढून न्या: पाण्याचा पेला, दुखणारं डोकं, थंडी, पंखा, लघवी, घर. त्याने बोट ठेवायचं.
- तो पाणी मागेल. देऊ नका. ओला बोळा ओठांना लावू का, असं सिस्टरला विचारा.

आणखी एक करून पाहा. एक शाळेची वही घ्या. रोज काय झालं ते दोन ओळीत लिहा. आज डोळे उघडले, आज ताप उतरला, आज धाकटी भेटून गेली. बऱ्या झालेल्या पेशंटच्या आठवणीत ते दिवस कोरे असतात किंवा भयंकर स्वप्नांनी भरलेले असतात. युरोपात कितीतरी अतिदक्षता विभागांत सिस्टर स्वतः अशी वही लिहितात. नंतर ती वाचून पेशंटला आपल्यावर नेमकं काय गुजरलं ते उमजतं.

'घरातला माणूस कोण आहे?'

मैत्रिणींनो, आता जरा कडू बोलते. डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "घरातला माणूस कोण आहे?" की भासरे उठतात, दीर उठतो, जावई उठतो. पदर सावरत उठू पाहणाऱ्या बायकोला "तू बस, तुला नाही समजायचं" म्हणतात. सही ते करतात, निर्णय ते घेतात. पण गळ्यातलं गहाण ठेवायचं तिला असतं. पुढचे सहा महिने सेवा करायची तिला असते. काही वाईट घडलं तर उरलेलं आयुष्य तिला काढायचं असतं. मग आत काय चाललंय ते ऐकण्याचा पहिला हक्क कुणाचा?

ज्या घरात ही वेळ येईल, तिथल्या बायकोने, आईने डॉक्टरांसमोर बसावंच. सोबत लिहून घेणारं एक माणूस न्या आणि शांतपणे हे विचारा. नळी कशासाठी घातली? मूळ आजार सुधारतोय का बिघडतोय? कालच्यापेक्षा आज मशीनची मदत कमी लागतेय का जास्त? गुंगीचं औषध कधी कमी करणार? नळी साधारण किती दिवस लागेल? रोजचा खर्च किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का? योजनेच्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. चौथ्या दिवशी, हातचे पैसे संपल्यावर जाऊ नका.

नळी निघाल्यावर

पेशंट सावरला, स्वतः श्वास घेऊ लागला, खोकू लागला, की नळी काढतात. आवाज घोगरा येतो, घसा दुखतो. घरचे आनंदाने लगेच चहा पाजायला धावतात. थांबा! नळीमुळे गिळण्याची क्रिया काही काळ ढिली पडलेली असते. पाणी चुकीच्या वाटेने गेलं तर पुन्हा न्यूमोनिया आणि पुन्हा नळी. गिळणं तपासून डॉक्टरांनी 'हो' म्हटल्यावरच, बसवून, चमच्याचमच्याने द्या.

आठ-दहा दिवसांत नळी निघण्याची चिन्हं दिसली नाहीत, तर गळ्याला पुढून छोटं छिद्र करून तिथून नळी घालण्याचा सल्ला मिळतो. 'गळा कापणार' असं ऐकून घरात रडारड होते. पण त्याने तोंड मोकळं होतं, गुंगी कमी लागते, सफाई सोपी होते आणि बहुतेकदा नंतर छिद्र भरूनही येतं. काही पेशंट अशी नळी घेऊनच घरी येतात. मग कफ ओढायला, आतली नळी धुवायला सिस्टरकडून सुट्टीच्या आधी हाताने करून शिकून घ्या. दोन माणसांनी शिका, एकट्या बाईवर ओझं नको. नळीच्या तोंडावर पातळ ओलसर सुती कापड सैल धरा म्हणजे धूळ जात नाही. चुलीचा धूर टाळा. आंघोळीत पाणी आत जाऊ देऊ नका. नळी निसटली किंवा श्वास घरघरला तर वेळ न घालवता दवाखाना.

घरी आल्यावर माणूस एकदम पहिल्यासारखा होत नाही. हातपाय काडीसारखे होतात, दचकून उठतो, विसरतो, चिडतो. महिनोन् महिने हे चालू शकतं. 'आता बरा झाला ना, मग शेतात का जात नाही' असं टोचून बोलू नये. आणि एक खूण लक्षात ठेवा. नळी निघाल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, चालताना दम लागू लागला, तर तो दमा समजून गोळ्या खात बसू नका. नळीच्या जागी श्वासनलिका आकसलेली असू शकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि आधी नळी होती हे आवर्जून सांगा.

जेव्हा परतीची वाट नसते

हेही बोललं पाहिजे. कधी कधी शरीर साथ देत नाही, हे डॉक्टर स्वच्छ सांगतात. अरुणा शानबागच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी या प्रश्नाला हात घातला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि 'लिव्हिंग विल' म्हणजे आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायला परवानगी दिली. २४ जानेवारी २०२३ ला त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. उपचार थांबवण्याचा निर्णय मात्र कुणा एकाचा नसतो. दवाखान्यातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि दुसरं मंडळ, दोघांनी तपासून आणि घरच्यांची संमती घेऊन तो होतो.

आपल्याकडे पुष्कळदा पैसे संपले म्हणून 'आमच्या जबाबदारीवर' लिहून देऊन पेशंटला घरी आणतात आणि वाटेतच सारं संपतं. ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. आशा असलेला पेशंट पैशासाठी आणू नका. आधी योजना, सरकारी दवाखाना, समाजसेवा अधीक्षक, सगळे दरवाजे ठोठावा. आणि आशा नसल्याचं मंडळाने सांगितलं, तर नातेवाईक काय म्हणतील म्हणून माणसाला नळ्यांमध्ये तिष्ठत ठेवू नका. अशा वेळीही वेदना कमी करण्याचं औषध, स्वच्छता आणि जवळच्यांचा हात यांवर त्याचा हक्क असतो. घरातल्या मोठ्यांशी या गोष्टी सगळे ठणठणीत असतानाच बोलून ठेवाव्यात. संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपल्यावर चार बायका बसतात, तेव्हा हा विषय काढला तर अभद्र काहीच नाही.

शेवटी बचत गटांसाठी एक काम सुचवते. गावातला कुणी अतिदक्षता विभागात असला, की आपण सगळे एकाच दिवशी गाडी करून भेटायला जातो आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा एकटी. त्याऐवजी पाळी लावा. एकीने डबा, एकीने रात्रीची सोबत म्हणजे ती चार तास झोपेल, एकीने तिच्या पोरांची शाळा आणि गुरांचा चारा, चार बुकं शिकलेल्या मुलीने डॉक्टरांसमोर वही घेऊन बसणं. कोपनहेगनला पंधराशे जणांनी पाळ्या लावल्या होत्या. आपल्याला दहा बायका पुरतील.